फायटिंग गेम आणि ट्रेनिंग मोड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फायटिंग गेम नवा घेतला की बहुतेक जण आधी ट्रेनिंग मोड उघडतात, एखादा लांबलचक कॉम्बो (एकामागोमाग जोडलेले फटके) बसवतात आणि ऑनलाइन जातात. तिथे तो कॉम्बो लावायची वेळच येत नाही. समोरचा डोक्यावरून उड्या मारत असतो, जवळ येऊन पकडून आपटत असतो आणि पाठ केलेलं सगळं हातातच राहतं. खालचे बरेचसे प्रश्न तिथूनच सुरू होतात. उदाहरणं मुख्यतः स्ट्रीट फायटर ६ आणि टेकन ८ मधली आहेत, पण सरावाची पद्धत कुठल्याही फायटिंग गेमला लागू पडते.

ट्रेनिंग मोडमध्ये जाऊन नेमकं करायचं काय?

एक प्रश्न घेऊन आत जायचं आणि त्याचं उत्तर घेऊन बाहेर यायचं. प्रश्न मॅचमधून मिळतो. समोरच्याची ती घसरत येणारी लाथ ब्लॉक केल्यावर मला काय मारता येईल? तो उडी मारून येतो तेव्हा माझा पंच हवेतच का वाया जातो? कोपऱ्यात अडकलो की मी प्रत्येक वेळी थ्रो (पकडून आपटणं) का खातो? असा एक प्रश्न डोक्यात असला की पंधरा मिनिटांतही काहीतरी हाताला लागतं. तो नसेल तर तासभर बसूनही आपण डमीला, म्हणजे सरावासाठी समोर उभ्या केलेल्या कॅरेक्टरला, येत असलेलंच मारत बसतो.

उभ्या डमीवर कॉम्बो घासणं निरुपयोगी नाही. बोटांना वळण लागायलाच हवं. पण पाढे पाठ असणं वेगळं आणि गणित सुटणं वेगळं. मॅचमध्ये कॉम्बो सुरू करण्याआधी पहिला फटका लागावा लागतो आणि तो लागू नये म्हणून समोरचा माणूस जिवाचा आटापिटा करत असतो. ट्रेनिंग मोडचा खरा उपयोग त्या आटापिट्याची तयारी करण्यासाठी आहे. त्यासाठी डमीला हलवावं लागतं, त्याच्याकडून हल्ला करवून घ्यावा लागतो आणि तो पुढे काय करणार हे आपल्याला आधी कळणार नाही अशी सोय करावी लागते.

फ्रेम डेटा म्हणजे काय? तो शिकावाच लागतो का?

थोडा तरी शिकावा लागतो, आणि वाटतो तितका तो अवघड नाही. हे गेम सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने चालतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. प्रत्येक मूव्हचे तीन भाग असतात. बटण दाबल्यापासून फटका बाहेर येईपर्यंतचा स्टार्टअप, फटका लागू शकतो तेवढा काळ म्हणजे अॅक्टिव्ह, आणि हात-पाय मागे घेऊन पुन्हा मोकळं होईपर्यंतचा रिकव्हरी. स्ट्रीट फायटर ६ मधला सर्वांत जलद जॅब (हलका पंच) ४ फ्रेमचा आहे, म्हणजे बटण दाबल्यावर चौथ्या फ्रेमला फटका लागतो.

रोजच्या खेळात सगळ्यात जास्त कामाला येतो तो ब्लॉकनंतरचा आकडा. एखादी मूव्ह ब्लॉकवर मायनस ६ आहे याचा अर्थ असा की तुम्ही ती अडवलीत तर समोरच्यापेक्षा तुम्ही ६ फ्रेम आधी मोकळे होता. तुमच्याकडे ६ फ्रेमपर्यंतचा आणि तिथवर पोहोचणारा फटका असेल तर तो लागणारच. समोरच्याच्या हातात तेव्हा काहीही नसतं. यालाच पनिश म्हणतात. मायनस ३ असेल तर ४ फ्रेमचा जॅबही वेळेत पोहोचत नाही. तिथे पनिश नाही, पण पाळी तुमची असते. टेकनमध्ये जलद जॅब १० फ्रेमचा, त्यामुळे तिथली सीमारेषा मायनस १० ची, आणि मायनस १५ च्या आसपास बऱ्याच कॅरेक्टरांना थेट लाँचर (समोरच्याला हवेत उडवणारा फटका) मारता येतो.

सगळे तक्ते पाठ करायच्या भानगडीत पडू नका. स्ट्रीट फायटर ६ च्या ट्रेनिंग मोडमध्ये फ्रेम मीटर आहे. दोन्ही खेळाडूंच्या हालचाली फ्रेमगणिक रंगीत चौकोनांत पडद्याच्या खालच्या बाजूला आडव्या सरकत जातात आणि कोण आधी मोकळा झाला हे डोळ्यांना दिसतं. ते चालू ठेवून खेळलं की आकडे हळूहळू आपोआप बसतात. ज्या मूव्हने तुम्हाला काल हरवलं तिचा आकडा आज बघा. तो कायमचा लक्षात राहतो.

कोणत्या गेमचं ट्युटोरियल सर्वांत चांगलं?

या बाबतीत जुनं नाव आहे व्हर्च्युआ फायटर ४ एव्होल्यूशनचं. २००३ साली प्लेस्टेशन २ वर आलेल्या या गेमने मूव्हची यादी दाखवून थांबण्याऐवजी फ्रेमचा फायदा कशाला म्हणतात, थ्रोमधून कसं सुटायचं, पाळी कधी घ्यायची हे धड्यांमधून शिकवलं. इतक्या वर्षांनंतरही तो दाखला दिला जातो. २०१२ च्या स्कलगर्ल्सने वरचा आणि खालचा हल्ला डोळ्यांनी ओळखून अडवण्याचे धडे दिले आणि ट्रेनिंग मोडमध्ये हिटबॉक्सही (फटका नेमका कुठवर लागतो ते दाखवणारे चौकोन) उघडून दाखवले. २०१३ च्या किलर इन्स्टिंक्टमधला डोजो नवख्याला बोटाला धरून फ्रेम डेटापर्यंत नेतो. अंडर नाइट इन-बर्थ मालिकेतले धडे तर इतके खोलात जातात की त्यातला अर्धा भाग दुसऱ्या कुठल्याही गेमसाठीसुद्धा उपयोगी पडतो. मॉर्टल कॉम्बॅट ११ चं ट्युटोरियल आणि गिल्टी गिअर स्ट्राइव्हचं मिशन मोडही आवर्जून बघण्यासारखं आहे.

आज सुरुवात करणाऱ्याला मी स्ट्रीट फायटर ६ सुचवेन. प्रत्येक कॅरेक्टरची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे आणि ती कुठली मूव्ह कशासाठी वापरायची हे सांगते. ‘ही लाथ लांबून समोरच्याला रोखायला’, ‘हा पंच उडीविरुद्ध’ असं कोणीतरी नीट सांगणं नवख्या माणसासाठी फार मोलाचं असतं.

मूव्ह लिस्ट पूर्ण पाठ करायला हवी का?

नाही. लांबून मारायचा एक फटका, जवळचा एक जलद फटका, उडी पाडायचा एक, थ्रो, आणि एक छोटा कॉम्बो, एवढ्यावर बराच काळ निघतो. टेकनमध्ये एकेका कॅरेक्टरच्या शंभराहून जास्त मूव्ह असतात, तिथे तर हा सल्ला दुप्पट लागू.

मूव्ह मनासारखी निघत नाही. हाताला सवय कशी लावायची?

आधी इनपुट डिस्प्ले चालू करा. कुठली दिशा आणि कुठलं बटण गेमपर्यंत पोहोचलं हे तो क्रमाने दाखवतो. मूव्ह निघाली नाही की ‘हात चुकला’ म्हणून पुढे जाऊ नका, तो स्तंभ वाचा.

एक नेहमीचं उदाहरण. पुढे चालत चालत हादोकेन (लांब जाणारा ऊर्जेचा गोळा) मारायला जावं आणि शोर्यूकेन (वर उसळणारा पंच) निघावा, हे र्यू हे कॅरेक्टर खेळणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. दिशा नंबर पॅडच्या आकड्यांनी लिहायची पद्धत आहे: ५ म्हणजे मध्य, ६ म्हणजे पुढे, २ म्हणजे खाली. हादोकेन म्हणजे २३६ आणि शोर्यूकेन म्हणजे ६२३. चालताना ६ आधीच दाबलेला असतो. त्याला जोडून २३६ आलं की गेमला ६२३६ दिसतं, त्यात शोर्यूकेनचा अख्खा इनपुट सापडतो आणि गेम त्याला प्राधान्य देतो. डिस्प्लेवर हे लख्ख दिसतं. उपाय दोन. हादोकेनच्या आधी स्टिक क्षणभर मध्यावर सोडायची, किंवा ४ पासून सुरुवात करून ४१२३६ असा अर्धा गोल फिरवायचा. दोन्ही करून बघा आणि हाताला मानवेल ते ठेवा.

दोन्ही बाजूंनी सराव करायला विसरू नका. डावीकडून अचूक निघणारी मूव्ह उजवीकडे गेल्यावर गडबडते आणि मॅचमध्ये बाजू सतत बदलत असते.

कॉम्बो सरावात दहापैकी दहा वेळा जमतो, मॅचमध्ये एकदाही नाही. असं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

सरावात एकच गोष्ट ओळीने करत गेलं की प्रगती झपाट्याने होते असं वाटतं. १९७९ मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचाली शिकणाऱ्यांवर एक प्रयोग केला होता. एका गटाने एक हालचाल संपवून मग दुसरी घेतली, दुसऱ्या गटाने हालचाली उलटसुलट क्रमाने केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. नंतर घेतलेल्या चाचणीत दुसऱ्या गटाच्या जास्त लक्षात राहिलेलं होतं. दर वेळी ‘आता काय करायचं’ हे नव्याने आठवावं लागणं, हाच खरा सराव ठरला. फायटिंग गेममध्ये हे शंभर टक्के पटतं. दहाव्यांदा कॉम्बो मारताना डोकं काही ठरवत नसतं, हात नवव्या वेळेची नक्कल करत असतात. मॅचमध्ये ती नववी वेळ नसते.

दुसरं कारण हिट कन्फर्मचं, म्हणजे फटका लागला हे बघून मगच पुढची मूव्ह मारण्याचं. उभा डमी फटका खातो हे तुम्हाला ठाऊक असतं, म्हणून पुढची स्पेशल मूव्ह (हादोकेनसारखी खास मूव्ह) न बघता दाबता येते. मॅचमध्ये समोरच्याने ब्लॉक केलेलं असतं, तुमची स्पेशल मायनसमध्ये जाते आणि शिक्षा मिळते. म्हणून डमीचं ब्लॉक रँडमवर लावा. दोन जॅब मारा. लागले तर स्पेशल, अडवले तर हात आवरा. पहिले काही दिवस हे अगदी वाईट जाईल, कारण बोटं ऐकत नाहीत. नजर तुमच्या कॅरेक्टरच्या हातावर नको, समोरच्याच्या अंगावर ठेवा. फटका खाल्ल्यावर शरीर मागे झुकतं आणि ब्लॉकला हात वर येतात. फरक तिथे दिसतो.

आणि कॉम्बो खरा आहे की नाही तेही तपासा. डमीला ‘पहिल्या फटक्यानंतर ब्लॉक’ अशी सेटिंग असते. तुमचे फटके वेळेत जोडले गेले नाहीत तर डमी मधेच अडवतो. हे एकदा चालू करून बघितलं की ‘लागतोय’ असं वाटणारे कितीतरी कॉम्बो गळून पडतात.

एक गोष्ट सांगायला मला आवडते. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये कॉम्बो मुद्दाम आखलेला नव्हता. एक फटका संपता संपता दुसरा लागू शकतो हे बनवणाऱ्यांच्या नंतर लक्षात आलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. १९९३ च्या सुपर स्ट्रीट फायटर २ पासून तर किती फटके जोडले हा आकडा पडद्यावर झळकू लागला. आज हजारो तास ज्यावर घासले जातात ते मूळचं एका निरीक्षणातून आलेलं आहे, आणि ट्रेनिंग मोडमध्ये बसून स्वतः काहीतरी शोधून काढण्यातली मजा आजही तीच आहे.

डमीला रेकॉर्ड कसं करायचं आणि त्याचा उपयोग काय?

ट्रेनिंग मोडमधलं सर्वांत ताकदवान हत्यार हेच, आणि सर्वांत कमी वापरलं जाणारंही हेच. रेकॉर्ड दाबलं की डमीचा ताबा तुमच्याकडे येतो. त्याच्याकडून हवं ते करून घ्या, थांबवा, आणि प्लेबॅक दाबलं की डमी तेच पुन्हा करतो. स्ट्रीट फायटर ६ मध्ये असे ८ स्लॉट आहेत आणि ते रँडम क्रमाने चालवता येतात.

उडी पाडण्याचा सराव असा लावा. पहिल्या स्लॉटमध्ये डमी अर्ध्या पडद्याच्या अंतरावरून पुढे उडी मारून लाथ मारतो. दुसऱ्यात नुसता पुढे-मागे चालतो आणि काहीच करत नाही. तिसऱ्यात हादोकेन सोडतो. चौथ्यात चालत येऊन खालची लाथ मारतो. चारही रँडमवर टाका. स्ट्रीट फायटरमध्ये उडी साधारण पाऊण सेकंदाची, म्हणजे वेळ पुरेसा आहे. पण तुम्ही हादोकेनची वाट बघत असाल तर तो पाऊण सेकंद भुर्रकन उडून जातो. दुसरा स्लॉट इथे फार महत्त्वाचा आहे. काहीच न करणारा डमी नसेल तर तुम्ही प्रत्येक हालचालीला शोर्यूकेन मारू लागता आणि सराव झाल्याचा भास होतो. काही होत नसताना हात शांत ठेवता येणं हेसुद्धा कौशल्य आहे.

चालायचं, आपल्या आवडत्या अंतरावर राहायचं, अधूनमधून स्वतःची लाथही मारायची. एका जागी बसून उडीची वाट बघू नका, मॅचमध्ये कोणी तसं बसत नाही.

दुसरा मोठा उपयोग म्हणजे समोरच्याच्या हल्ल्यातली फट शोधणं. समजा, ऑनलाइन कोणीतरी मधला पंच, मग खालची लाथ, मग पुन्हा पंच असं तुम्हाला कोंडून मारत राहतो आणि मधे कुठे बटण दाबावं हे कळत नाही. तेच कॅरेक्टर डमी म्हणून घ्या, तीच मालिका रेकॉर्ड करा आणि स्वतः ब्लॉक करत बसा. आता पहिल्या फटक्यानंतर जॅब दाबून बघा, मग दुसऱ्यानंतर. कुठे तुमचा जॅब जिंकेल, कुठे तुम्हीच फटका खाल. जिथे फटका खाल्लात तिथे फ्रेम मीटर बघा. मधे ३ फ्रेमची फट असेल तर ४ फ्रेमचा जॅब हरणारच, ते समोरच्याने लावलेलं जाळं आहे, त्यालाच फ्रेम ट्रॅप म्हणतात. पण पहिल्या फ्रेमपासून मार न खाणारा ओव्हरड्राइव्ह (ड्राइव्ह गेज खर्चून मारलेला) शोर्यूकेन त्याच फटीतून जिंकतो. फट मुळीच नसेल तर गुमान ब्लॉक करायचं आणि पाळीची वाट बघायची. मॅचमध्ये जी गोष्ट अन्याय वाटत होती ती दहा मिनिटांत नकाशासारखी समोर येते. हा सराव मला सर्वांत प्रिय आहे.

ड्राइव्ह इम्पॅक्ट समोर दिसतो तरी दर वेळी का लागतो?

ड्राइव्ह इम्पॅक्ट म्हणजे स्ट्रीट फायटर ६ मधला, समोरचे फटके झेलत येणारा मोठा हल्ला. त्याचा स्टार्टअप २६ फ्रेमचा, म्हणजे साधारण ४३० मिलिसेकंद. एखादी गोष्ट दिसून बटण दाबायला माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. हिशोबाने १० फ्रेम तरी शिल्लक राहतात. पडदा आणि इंटरनेट त्यातल्या काही खातात, तरीही उत्तर देणं शक्य आहे. समोरच्याच्या ड्राइव्ह इम्पॅक्टवर आपला ड्राइव्ह इम्पॅक्ट मारला की सहसा नंतर मारणारा जिंकतो.

मग लागतो का? कारण तो २००-२५० चा आकडा एकाच गोष्टीची वाट बघणाऱ्या माणसाचा आहे. पर्याय वाढले की प्रतिक्रियेचा वेळही वाढतो, हे १९५२ मध्ये विल्यम हिक यांनी मोजून दाखवलं. मॅचमध्ये तुम्ही उडी, हादोकेन, थ्रो, स्वतःचा कॉम्बो, उरलेला ड्राइव्ह गेज (अशा मूव्हसाठी खर्च होणारी पट्टी) असं सगळं एकदम सांभाळत असता. डोक्यात जागाच नसते. त्यातही सर्वांत जास्त लागतो तो तुम्ही स्वतः बटणं दाबत असताना, कारण लक्ष आपल्या हाताकडे असतं.

म्हणून नुसता ड्राइव्ह इम्पॅक्ट रेकॉर्ड करून त्याला उत्तर देत बसलात तर काही साधणार नाही, तो सगळ्यांना जमतो. वरच्या चार स्लॉटांत पाचवा म्हणून तो घाला. आणि डमीला तुमची पाठ कोपऱ्याला लावलेली असताना मारायला लावा, कारण तिथे नुसता ब्लॉक केला तरी तुम्ही भिंतीवर आदळता आणि पुढचा कॉम्बो खाता. याच सरावाची दुसरी पायरी म्हणजे डोक्यातलं ओझं कमी करणं. उडी पाडणं आणि छोटा कॉम्बो विचार न करता निघू लागले की त्यांनी अडवलेली जागा मोकळी होते आणि तिथे ड्राइव्ह इम्पॅक्ट दिसू लागतो. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर काही अंशी दुसऱ्याच सरावात आहे.

पॅरी शिकण्यात किती वेळ घालवावा?

सुरुवातीला फारसा नाही. पॅरी म्हणजे येणारा फटका नेमक्या वेळी झटकून टाकणं. एव्हो २००४ या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या चुन-लीचा १५ फटक्यांचा सुपर (सर्वांत ताकदवान खास हल्ला) एकामागोमाग एक पॅरी केला, तेव्हा त्याच्या केनकडे नावालाच आयुष्य उरलं होतं आणि ब्लॉक केलं असतं तरी होणाऱ्या थोड्या नुकसानाने तो हरला असता. तो क्षण बघून हजारो लोक या खेळात आले, आणि त्यांना तो स्वतः करून बघायचा होता. ज्या गेममध्ये ती मॅच झाली त्या स्ट्रीट फायटर ३ थर्ड स्ट्राइकच्या २०११ च्या ऑनलाइन आवृत्तीत तर तो प्रसंग सरावाचं आव्हान म्हणून दिलेला आहे. जरूर करून बघा. पण स्ट्रीट फायटर ६ चा परफेक्ट पॅरी फक्त २ फ्रेमचा आहे. आधी साधा पॅरी आणि ब्लॉक पक्का करा, परफेक्टचा सराव एखाद्या ठरावीक जागेपुरता ठेवा. लांबून येणारा हादोकेन ही त्यासाठी चांगली जागा.

खाली पाडल्यावर पुढे काय करायचं हे कसं शिकायचं?

समोरचा उठत असताना त्याच्या अंगावर फटका आधीच पडलेला असायला हवा. याला मीटी म्हणतात. डमीच्या रिव्हर्सल (उठताच त्याने काय करायचं) सेटिंगमध्ये ‘उठताना सर्वांत जलद जॅब’ लावा. मग तुमच्या नेहमीच्या कॉम्बोने त्याला पाडा आणि फटका मारा. वेळ बरोबर असेल तर त्याचा जॅब निघायच्या आत तुमचा लागतो. उशीर झाला तर तुम्हीच खाता. इथे अंदाजाला जागा नाही आणि म्हणूनच हा सराव इतका समाधान देतो.

वेळ बसली की रिव्हर्सलमध्ये जॅबसोबत अजिंक्य (निघताना मार न खाणारी) मूव्ह आणि साधा ब्लॉकही टाका. आता कधी फटका मारायचा, कधी थ्रो करायचा आणि कधी ब्लॉक करून समोरच्याची अजिंक्य मूव्ह वाया घालवायची हे दर वेळी ठरवावं लागेल.

टेकनमधल्या थ्रोमधून सुटायला शिकता येतं का?

हो, डोळ्यांनी. टेकनमध्ये १ म्हणजे डाव्या आणि २ म्हणजे उजव्या हाताचं बटण. साध्या थ्रोमधून १ किंवा २ कुठलंही बटण सोडवतं. कमांड थ्रोमध्ये (कॅरेक्टरच्या खास थ्रोमध्ये) समोरच्याच्या हाताकडे बघावं लागतं: डावा हात पुढे आला तर १, उजवा आला तर २, दोन्ही आले तर १ आणि २ एकदम. तिन्ही प्रकार तीन स्लॉटांत रेकॉर्ड करा, रँडमवर टाका. रोज थोडा वेळ, पण रोज.

पनिश कुठे चुकतात हे शोधायचा सोपा मार्ग आहे का?

टेकन ८ चा रिप्ले हा मार्ग आहे, आणि त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. तुमचीच झालेली मॅच बघताना ‘इथे पनिश करता आला असता’ असं गेम सुचवतो आणि त्याच क्षणी रिप्ले थांबवून कंट्रोलर हातात घेता येतो. म्हणजे जिथे हरलात त्याच जागी, त्याच अंतरावर, तीच मूव्ह ब्लॉक करून पनिश करून बघता येतो. मॅच आणि सराव यांच्यामधली दरी याने जवळजवळ बुजते. ज्या गेममध्ये ही सोय नाही तिथे रिप्ले बघून मूव्ह लिहून ठेवायची आणि स्वतः रेकॉर्ड करायची. वेळ जास्त लागतो, इतकाच फरक.

कॉम्प्युटरशी खेळून सुधारणा होते का?

फार नाही. साधा कॉम्प्युटर तुमचं बटण वाचून प्रतिक्रिया देतो किंवा मुद्दाम मार खातो, त्याच्याशी खेळून चुकीच्या सवयी लागतात. किलर इन्स्टिंक्टचे शॅडो आणि टेकन ८ चे घोस्ट मात्र वेगळे. ते माणसाच्या खेळण्याच्या पद्धतीवरून शिकतात. टेकनमध्ये स्वतःच्याच घोस्टशी खेळून बघा. तुम्ही दर वेळी उठताना तीच लाथ मारता हे तो तुम्हाला दाखवून देईल.

स्ट्रीट फायटर ६ च्या मॉडर्न (सोप्या) कंट्रोलवर शिकलं तर चालेल का?

चालेल. स्पेशल मूव्ह एका बटणावर आली तरी अंतर, पाळी, पनिश आणि समोरच्याचं मन वाचणं हे सगळं तसंच शिकावं लागतं. काही मूव्ह त्यात मिळत नाहीत आणि सोप्या इनपुटने मारलेल्या स्पेशलचं नुकसान थोडं कमी असतं, हे लक्षात ठेवून निवड करा.

सरावात जमणारं ऑनलाइन उशिरा निघतं. दोष कोणाचा?

आधी पडदा तपासा. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू हवा, नाहीतर चित्र उजळवण्याच्या प्रक्रियेतच कितीतरी फ्रेम जातात. शक्य असेल तर वायफायऐवजी केबल लावा. आजच्या बहुतेक मोठ्या गेमांत रोलबॅक नेटकोड (समोरच्याच्या बटणांचा अंदाज बांधून पुढे जाणारी आणि चुकल्यास मागे येऊन दुरुस्त करणारी ऑनलाइन पद्धत) आहे, त्यामुळे तुमचं बटण लगेच लागतं, पण समोरच्याच्या मूव्हच्या पहिल्या काही फ्रेम कधीकधी दिसतच नाहीत. म्हणून सरावात जेमतेम जमणारी प्रतिक्रिया ऑनलाइन निसटते. स्ट्रीट फायटर ६ च्या ट्रेनिंग मोडमध्ये इनपुटला मुद्दाम उशीर लावता येतो. तो थोडा लावून सराव केला की ऑनलाइन दचकायला होत नाही.

रोज किती वेळ सराव करावा?

अर्धा तास भरपूर झाला. दहा मिनिटं हात मोकळे करायला, वीस मिनिटं एका प्रश्नाला. बाकी वेळ मॅच खेळा. थकलेल्या हाताने कॉम्बो घासू नका, आणि मनगट दुखायला लागलं तर त्या दिवशी कंट्रोलर खाली ठेवा.

एखादी गोष्ट जमली हे कशावरून ओळखायचं?

डमीवरच्या आकड्यावरून नाही. उडी पाडण्याचा सराव आठवडाभर केलात की दहा मॅचचे रिप्ले काढा आणि फक्त समोरच्याच्या उड्या बघा, बाकी काही बघू नका. किती उड्यांना तुम्ही उत्तर द्यायला हात हलवला ते मोजा. शोर्यूकेन उशिरा निघाला, चुकून हादोकेन निघाला, तरी तो मोजा, कारण उडी दिसली होती आणि निर्णयही झाला होता. राहिलं ते हाताचं काम, त्यासाठी इनपुट डिस्प्ले आहे. ज्या उड्यांना हातच हलला नाही त्या वेगळ्या काढा आणि त्या क्षणी तुम्ही काय करत होता ते बघा. बहुतेकदा तुम्ही स्वतःच हादोकेन मारत असता किंवा लाथेचं बटण दाबलेलं असतं. तसं असेल तर पुढच्या सरावात डमीचा तोच स्लॉट ठेवा, पण प्लेबॅक सुरू झाल्यावर स्वतःही हादोकेन मारत राहा आणि त्यातून उडी पकडायचा प्रयत्न करा.